उताऱ्याबाहेरच्या लिनबाई

लिनबाईंना उतारा पाठ असायचा. अख्खा, पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. काचेचा इतिहास असो, मुंग्यांची वसाहत असो, नाहीतर वाळवंटातली रेल्वे. या शनिवारी दिलेला इंग्रजी उतारा पुढच्या शनिवारी त्या उभं राहून, हात मागे बांधून, भिंतीकडे बघत घडाघडा म्हणून दाखवायच्या. 'पान उलटा' ही तळाची सूचनासुद्धा त्यात येऊन जायची. आणि मग त्याच उताऱ्यावरचे प्रश्न समोर ठेवले की त्यातले निम्मे चुकायचे.

त्या चीनमध्ये शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, म्हणून मी त्यांना बाई म्हणायचे. मी त्यांना इंग्रजी शिकवायचे, म्हणून त्या मला 'लाओशी' म्हणायच्या. म्हणजे चिनीत बाईच. वयाने त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. दोन बायका एकमेकींना बाई-बाई करतायत आणि एकीची भाषा दुसरीला येत नाही, असा तो मामला होता. आमचं बोलणं तुटक इंग्रजीत चालायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, कारण मला ते आठवतंच मराठीत. लिन हे त्यांचं माहेरचं आडनाव. त्यांच्याकडे लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत. हे मी घरी येऊन मोठ्या कौतुकाने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू तरी कुठे बदललंस? बँकेत अजून जुनंच आहे, ते आधी बघ."

नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर एक शाळा आहे. शनिवारी तिथले वर्ग चिनी मंडळींनी भाड्याने घेतलेले असतात. आपल्या मंडळाचा मराठीचा वर्ग असतो तसाच त्यांचा चिनीचा, फक्त पटसंख्या जास्त आणि शिस्त कडक. मुलं आत अक्षरं गिरवत बसायची आणि आईबाप बाहेर व्हरांड्यात कोट घालून ताटकळायचे. त्यांच्या मुख्याध्यापिकेला वाटलं, यांनाही कामाला लावावं. म्हणून शेजारच्या खोलीत मोठ्यांसाठी इंग्रजी वाचनाचा वर्ग निघाला आणि तो मला मिळाला. या खोलीत मुलं आईबापांची भाषा शिकताना रडायची, त्या खोलीत आईबाप इंग्रजी शिकताना. मधली भिंत पातळ होती.

वर्ग मलाच का, तर मी इंग्रजीत एम.ए. आहे आणि लग्नाआधी बार्शीत क्लास घेत होते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते. नोकरीच्या मुलाखतीत सांगते, हळदीकुंकवालाही सांगते. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर बदलायचे. त्यांना गाडीची पाटी वाचता यायची, त्यापुढे नाही. घरात इंग्रजीचा एक शब्द नव्हता, त्यामुळे मी इंग्रजी शिकले ती गाइडमधून, आणि गाइडने मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की उतारा वाचायचा नसतो. आधी प्रश्न वाचायचे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा. तो सापडला की त्याच्या मागचं-पुढचं वाक्य उचलायचं आणि उत्तराच्या जागी ठेवायचं. मला इंग्रजी धड कळत नव्हतं तेव्हासुद्धा उताऱ्याला मला पैकीच्या पैकी मार्क पडायचे. ही पद्धत मी वर्गात शिकवायचे आणि आजही शिकवते.

लिनबाई हौसेने शिकायला आलेल्या नव्हत्या. त्यांचे यजमान आइंडहोव्हनजवळच्या एका कंपनीत इंजिनीअर होते, आपल्यातल्या बहुतेकांसारखे कामाच्या परवान्यावर आलेले. बाई आणि त्यांची मुलगी मेइ त्या परवान्याला बांधलेल्या. ते बांधलेपण काय असतं हे मला कुणी सांगायला नको. मीही तशीच आले. कंपनीने कंत्राट पुढे वाढवणार नसल्याचं कळवलं, तेव्हा यजमानांना फारसं वाईट वाटलं नाही. त्यांना परत जायचंच होतं, म्हणून इतक्या वर्षांत त्यांनी कायमचा परवानाही मागितला नव्हता. प्रश्न मेइचा होता. ती अगदी लहान असताना इथे आली आणि आता पंधरा वर्षांची होती. तिला चिनी बोललेलं कळायचं, पण वाचता यायचं ते पहिलीतल्या पोराइतकं. तिकडच्या नववी-दहावीत तिला नेऊन बसवायचं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलायचं.

वाट एकच होती. इथल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राचा इंग्रजीतून शिकवला जाणारा अभ्यासक्रम होता. बाईंची पदवी त्यांनी मान्य केली, शिकवण्याचा अनुभवही मान्य केला. अट एवढीच, की इंग्रजीच्या परीक्षेत वाचनाला ठरावीक गुण हवेत. ते मिळाले की प्रवेश, प्रवेश मिळाला की शिक्षणाचा परवाना, आणि परवाना मिळाला की मेइची शाळा पुरी होईपर्यंत दोघी इथे. यजमान म्हणाले, "जमलं तर राहा." ते असं म्हणाले हे सांगताना बाई हसल्या होत्या. जमणार नाही हे त्या माणसाने आधीच धरून टाकलेलं होतं.

खरं सांगायचं तर मीही धरलं होतं. पहिली चाचणी तपासली तेव्हाच मला दिसलं. मला गोड बोलता येत नाही, म्हणून तोंडावर सांगितलं, "बाई, हे वर्षभरात होणं अवघड आहे."

त्यांनी पेन काढलं. "अवघड म्हणजे रोज किती उतारे, लाओशी?"

आता मुळात त्यांचं चुकायचं कुठे, ते सांगते. या परीक्षेत एक प्रकार असतो. उताऱ्याखाली विधानं देतात आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक लिहायचं: बरोबर, चूक, किंवा उताऱ्यात दिलेले नाही. सुरुवातीला लिनबाई हा तिसरा पर्याय कधीच लिहायच्या नाहीत. त्यांना तो अपमान वाटायचा. एकदा मधमाश्या पाळणाऱ्या एका म्हाताऱ्याचा उतारा होता. कडक हिवाळ्यात त्याच्या सगळ्या माश्या मरतात. वसंतात तो रिकाम्या पेट्या धुतो, पुसतो आणि पुन्हा बागेत ओळीने मांडून ठेवतो. खाली विधान: म्हाताऱ्याला माश्यांची आठवण येत होती. बाईंनी लिहिलं, बरोबर.

"कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"रिकाम्या पेट्या कोण मांडतं, लाओशी?"

"ते मला विचारू नका. आठवण येते असं वाक्य दाखवा."

"तुमचे यजमान गावाला गेले आणि तुम्ही चुकून दोन ताटं वाढलीत, तर आठवण येते असं भिंतीवर लिहून ठेवाल का?"

"नाही ठेवणार. पण मला मार्क हवे असतील तर 'दिलेले नाही' असं लिहीन."

मागच्या बाकावर हुआंग नावाचे एक हॉटेलवाले बसायचे. ते म्हणाले, "माझी बायको गावाला गेली की मीही दोन ताटं वाढतो. दोन्ही मीच खातो. आता लिहा काय लिहायचं ते." वर्ग हसला. लिनबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, वर्गात शिक्षकाने चूक सांगितल्यावर हुशार विद्यार्थी बघतो तसं.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या शाळेत प्रगतिपुस्तकावर शिक्षक लिहितात, 'मुलगा उत्साही आहे.' आईबाप ते वाचतात आणि घरी जाऊन मुलाला धरून बदडतात. "उत्साही म्हणजे काय ते लिहावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "लिहिलेलं कुणालाही वाचता येतं. न लिहिलेलं वाचता यावं म्हणून तर शाळेत घालतात." वीस वर्षं त्यांनी असं वाचलं होतं. साहेबाची सूचना, वर्तमानपत्र, सासूची चिठ्ठी, सगळं असंच वाचायचं असतं अशी त्यांची खात्री होती. आणि मी, बार्शीची, त्यांना सांगत होते की न लिहिलेलं वाचलंत तर मार्क कापतील.

माझी पद्धत त्यांना पहिल्या दिवसापासून आवडली नाही. प्रश्न आधी वाचून शब्द शोधत फिरायचं, याला त्यांचं एक नाव होतं. "हे वाचन नाही, लाओशी. हे खिसे तपासणं आहे."

मी त्या दिवशी चिडले. म्हटलं, "मग तपासा की! या खिसे तपासण्यावर मी बी.ए. झाले, एम.ए. झाले. तुमचे वडील मास्तर होते, तुमच्या घरी कपाटभर पुस्तकं होती. तुम्ही ऐटीत वाचू शकता. आमच्या घरी वाचायला रेशनकार्ड होतं. मी जर सगळा उतारा समजून घेत बसले असते ना, तर आज तिथेच कुणाच्या तरी चुलीपुढे बसले असते."

 त्यांच्या पिशवीत कायम गरम पाण्याचा थर्मास असायचा. चहा नाही, कॉफी नाही, नुसतं गरम पाणी. त्यांनी झाकणात पाणी ओतलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "प्या," म्हणाल्या. "तुम्ही रागावलात की इतक्या भरभर बोलता, पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं. मला एकच शब्द कळला. चूल." पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्यासाठी पातीच्या कांद्याचे उकडलेले डम्पलिंग आणले, अंडं न घातलेले. मी शेंगदाण्याची चटणी दिली. त्यांनी ती पाण्यात कालवून नूडल्सवर घातली आणि चटणी 'थोडी कोरडी आहे' असा अभिप्राय दिला. मी म्हटलं, चटणी कोरडीच असते, बाई. त्या म्हणाल्या, "असं उताऱ्यात दिलेले नाही." हिवाळा संपेपर्यंत त्यांनी तो तिसरा पर्याय वापरला तो एवढाच.

मेइ शेजारच्या खोलीत चिनीच्या वर्गाला असायची, लहान पोरांच्या रांगेत, गुडघे बाकाला लागायचे. अक्षरं ती चित्र काढल्यासारखी काढायची. सुंदर काढायची आणि त्यांचा अर्थ तिला माहीत नसायचा. वर्ग सुटला की मायलेकी सायकलींजवळ भांडायच्या. आई चिनीत बोलायची, मुलगी डचमध्ये उत्तर द्यायची. मला चिनी कळायचं नाही आणि डच जेमतेमच, पण ऐकल्यासारखं वाटायचं, कारण माझा मुलगाही दूध हवं का विचारलं की 'नेय', म्हणजे नको, म्हणतो आणि पुढचं सगळं डचमध्ये. फरक इतकाच, की आमच्या घरात एखाद्या गोष्टीवर अडलं की दोघं इंग्रजीवर येतो. त्यांच्या घरात अडलं की अडलेलंच राहायचं.

एकदा सायकलचं कुलूप काढताना मेइने मला गाठलं. इथल्या मुलांसारखी ती मला नावानेच हाक मारायची. "आई पास होईल ना?"

"माहीत नाही."

"पण तुम्ही तिच्या शिक्षिका आहात."

"म्हणूनच माहीत नाही म्हणतेय. दुसरं कुणी असतं तर हो म्हटलं असतं."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "ती सगळं का वाचते? शाळेत आम्ही कुणीच सगळं वाचत नाही." माझ्या पद्धतीचा त्या घरात एकच खरा शिष्य होता आणि त्याला परीक्षा द्यायची नव्हती.

हिवाळा संपता संपता बाईंनी पहिल्यांदा परीक्षा दिली. बोलणं, ऐकणं, लिहिणं या तिन्हींत त्या काठावर निघाल्या. वाचनात गेल्या. त्यानंतर मात्र त्यांनी हट्ट सोडला. मला कसलंही कारण न सांगता त्या एका शनिवारी आल्या, बसल्या, आणि उताऱ्यावर कोरा कागद ठेवून आधी खालचे प्रश्न वाचायला लागल्या.  शब्द शोधायचा, वाक्य उचलायचं, पुढे जायचं. नाखुशीने, पण जात होत्या. 'दिलेले नाही' लिहायची वेळ आली की त्या डोळे मिटून लिहायच्या, कडू औषध घेतल्यासारखं. गुण वाढायला लागले. मेच्या अखेरीस घेतलेल्या सरावात त्या विद्यापीठाला हव्या असलेल्या गुणांवर बरोबर पोचल्या. हुआंगनी टाळ्या वाजवल्या. मलाही, त्या वर्षात पहिल्यांदा, वाटलं की होईल. त्या दिवशी त्यांनी उतारा म्हणून दाखवला नाही. मी विचारलं, "पाठ नाही केलात?" त्या म्हणाल्या, "कशावर होता तेही आठवत नाही." आणि मी, देवाशपथ, त्यांचं अभिनंदन केलं.

दुसरी परीक्षा जूनमध्ये उत्रेख्तला होती. त्यानंतर प्रवेशाची मुदत संपत होती, म्हणजे तीच शेवटची. मी सोबत गेले. बाहेर कालव्याच्या काठी एका कॅफेत बसून राहिले आणि उगाच एकामागून एक कॉफी घेतली. दुपारी लिनबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. उजळलेला, गाल लाल. त्या जवळजवळ धावत माझ्याकडे आल्या आणि माझा हात धरला. मला वाटलं, झालं. सुटलो.

"लाओशी, काय उतारा होता!" त्या म्हणाल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि सांगायला लागल्या. एका दरीत धरण होणार असतं. दरीतल्या गावांना उठायला सांगतात. लोक कौलं उतरवतात, दारं काढून बैलगाडीत घालतात. एक म्हातारी रोज सकाळी उठून अंगण झाडते. लोक तिला सांगतात, अहो, पंधरवड्याने इथे पाणी येणार. ती म्हणते, मग पंधरवड्याचा कचरा ठेवू का? लिनबाईंच्या आईचं गाव असंच धरणात गेलेलं. आमच्याकडे उजनीत गेलेली गावं मी वडिलांच्या तोंडून ऐकलेली. त्या सांगत होत्या, मी ऐकत होते, आणि थोडा वेळ मीही विसरले की आम्ही कशासाठी आलोय.

"लाओशी, मी वाचत होते आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की हे इंग्रजी आहे. इतका वेळ मला ते इंग्रजी वाटतच नव्हतं. नुसतं वाचत होते. मी दोनदा वाचलं."

मी कप खाली ठेवला. "दोनदा?"

"शेवट पुन्हा वाचावासा वाटला."

"हा कितवा उतारा?"

"दुसरा."

"आणि तिसरा, बाई?"

त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड एकदम गेला नाही. तो हळूहळू गेला, आणि ते बघणं जास्त वाईट होतं. "तिसऱ्याला वेळ झाला नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, मग निदान चौकोन तरी भरायचे! काहीतरी लिहायचं, बरोबर-चूक-बरोबर-चूक. चार तरी लागले असते!"

"न वाचता?" त्यांनी विचारलं. मनापासून विचारलं. मी त्यांच्यावर ओरडले. शेजारच्या टेबलांवरची डच जोडपी वळून बघायला लागली इतकी ओरडले. त्या खाली मान घालून बसल्या, शाळेत अंगठे धरून उभ्या राहिलेल्या पोरीसारख्या. मग म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे तुमचं. पण त्या म्हातारीचं पुढे काय झालं ते बघायचं होतं."

निकाल आला. वाचनात पहिल्यापेक्षाही कमी. विद्यापीठाने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा असं सभ्य उत्तर दिलं. परवाना पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नव्हता. यजमानांनी एका शब्दाने टोचलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी फक्त सामान विकायच्या जाहिराती टाकल्या.

मेइ मला पुन्हा सायकलींजवळ भेटली. "तिने अख्खा एक उतारा कोरा सोडला?"

"हो."

"चौकोनसुद्धा नाही भरले?"

"नाही."

ती हसली. पंधरा वर्षांच्या पोरीने तसं हसू नये. "माझ्यासाठी चौकोन भरायचे होते फक्त," ती म्हणाली आणि सायकल घेऊन निघून गेली. त्या दिवशी ती कुठे गेली होती हे तिने आईला कधीच सांगितलं नाही. रात्री आईने तिला शोधायला आमचंही दार वाजवलं होतं.

ऑगस्टमध्ये मी त्यांना बेस्टच्या स्टेशनवर पोचवायला गेले. मेइच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या, सोनेरी केसांच्या, उंच. तिघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि डचमध्ये काहीतरी सारखं सारखं म्हणत होत्या. यजमान बॅगा लावून घेत होते. लिनबाई मुलींपासून थोड्या दूर, माझ्याजवळ उभ्या होत्या. हातात थर्मास होता, पण रिकामा. विमानात पाणी नेऊ देत नाहीत.

"लाओशी, तुमची पद्धत बरोबर होती."

"होती," मी म्हटलं.

"मला जमायलाही लागली होती."

"लागली होती."

"मग?"

 मी आयुष्यभर वर्गात उत्तरं दिली आहेत आणि ठणकावून दिली आहेत. माझं शिकवणं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आज ही ओळ लिहितानाही वाटत नाही. ज्या पद्धतीने माझ्या वडिलांची मुलगी इथवर आली ती पद्धत खोटी कशी म्हणू? पण त्या प्लॅटफॉर्मवर ती सांगायला तोंड उघडेना. गाडी आली. मेइ आधी चढली आणि पलीकडच्या खिडकीशी बसली, आम्ही दिसणार नाही अशी. लिनबाईंनी जाताना मला वाकून नमस्कार केला, त्यांच्याकडे विद्यार्थी शिक्षकाला करतात तसा. मी त्यांच्याहून लहान. मला तो घेववला नाही आणि नाकारताही आला नाही.

तिकडे मेइला तिच्याहून तीन वर्षांनी लहान मुलांच्या वर्गात घातलं. तरी पुस्तकं झेपत नाहीत. सुरुवातीला ती रडायची, मग भांडायची, मग तिने घरात बोलणं बंद केलं. डचमध्ये उत्तर देणंही बंद. आता दर रविवारी ती मला फोन करते. इंग्रजीत, मध्ये मध्ये डच. तिकडे तिच्याशी त्या भाषांत बोलणारं कुणी नाही, म्हणून मी. ती शाळेतल्या जेवणाबद्दल सांगते, बेस्टच्या मैत्रिणींचे फोटो पाहिले का विचारते, अठरा पूर्ण झाली की त्याच दिवशी परत येणार म्हणते. मी हो हो म्हणते. अठराव्या वर्षी नुसतं मनात आलं म्हणून इथे येता येत नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. मी अजून सांगितलेलं नाही.

तिचं झालं की फोन लिनबाईंकडे येतो. त्या इंग्रजी आता विसरत चालल्यात, वाक्यं आखूड झालीत. माझ्या मुलाची चौकशी करतात, हुआंग कसे आहेत विचारतात. मागच्या रविवारी सगळं विचारून झाल्यावरही त्या फोनवर थांबल्या.

"लाओशी, इतका वेळ बोलली. माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

मला खोटंही गोड बोलता येत नाही. "नाही, बाई."

"रागाने काही?"

"नाही. काहीच नाही."

पलीकडे दार लागल्याचा आवाज झाला; तो मलाही ऐकू आला. "खोलीत गेली," लिनबाई म्हणाल्या. "जेवायला बोलावते तिला. येते का बघते." असं म्हणाल्या, पण पावलं वाजली नाहीत आणि फोनही बराच वेळ बंद झाला नाही.